शटल धरणारा हात

माझी सर्व्हिस चांगली होती, हे मी आधीच सांगून टाकते. बाकी खेळ यथातथाच. मागच्या कोपऱ्यात पडलेलं शटल मी सोडून द्यायचे, स्मॅश मारायला गेले की तो नेटमध्ये जायचा, आणि पळण्याचं म्हणाल तर स्टँडवरून सुटणारी एसटी पकडण्यापुरतंच मला पळता यायचं. पण सर्व्हिसला उभी राहिले की समोरचा माणूस गप्प व्हायचा. शटल नेटच्या पांढऱ्या पट्टीला घासतंय की काय असं वाटावं इतक्या खालून जायचं आणि पलीकडच्या रेषेशी मरून पडायचं. ते उचलायचं तर वरच मारावं लागे, आणि वर आलेलं शटल हाणायला माझा नवरा मागे टपून बसलेला असे. रोह्याच्या क्लबात मिक्स डबल्समध्ये आम्ही जिंकायचो ते एवढ्याच भांडवलावर.

ही सर्व्हिस मला कुठल्या कोचनं शिकवली नाही. माझं माहेर पेणजवळच्या हमरापूरचं, गणपतीच्या कारखान्याचं. कारखाना म्हणजे घराला लागून बांबूंवर टाकलेले पत्रे. विसर्जन झालं की तो रिकामा व्हायचा आणि साच्यातून पुढच्या वर्षीच्या मूर्ती निघायला लागेपर्यंत आम्हा भावंडांच्या ताब्यात असायचा. मधोमध सुतळी बांधायची, तिच्यावर आईची जुनी साडी टाकायची, झालं नेट. पत्रा इतका खाली की शटल जरा उंच गेलं की आडव्या बांबूत अडकून बसायचं. भिंतीला लागून फळ्यांवर न खपलेल्या मूर्ती कागदात गुंडाळून ठेवलेल्या असायच्या. त्यातल्या एखादीला शटल लागलं तर आई चुलीपुढून न उठता शिव्या घालायची, तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. त्यामुळं आमच्या घरी उंच सर्व्हिस करणारा पोरगा दुसऱ्या दिवशी खेळात नसायचा.

त्याच पत्र्याखाली मी आखणी शिकले. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. रंग कुणीही देतं, सोंडेवरची नक्षी, दागिने, धोतराचा काठ यांना माणसं मिळतात. डोळे मात्र कारखान्यात एकच माणूस करतं. पापणीची वरची रेघ एका दमात यावी लागते. बाबांनी मला शिकवलं ते असं: आधी श्वास घ्यायचा नाही, सोडायचा. छाती रिकामी झाली की एक क्षण असा येतो की अंगातलं सगळं थांबतं. त्या क्षणात रेघ ओढायची. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवायची, डाव्या हातात रंगाची वाटी, आणि नजर ब्रशच्या टोकाकडे नाही, रेघ जिथं संपणार तिथं. पुढं बॅडमिंटनची सर्व्हिस करताना मी नेमकं हेच करत होते, हे मला फार उशिरा कळलं.

आखणी करणाऱ्याचा हात राखायचा असतो. आमच्याकडे तसा रिवाजच होता. आषाढ लागला की मला धुणं पिळायला द्यायचे नाहीत, पाण्याची कळशी उचलू द्यायचे नाहीत, नारळ खवणणं नाही, पाटा-वरवंटा नाही. वहिनी नवी आली तेव्हा तिला वाटलं, ही नणंद आखणीला म्हणून सासरहून येते आणि ढिम्म बसून राहते. एकदा तिनं तसं बोलूनही दाखवलं. मी पण काही कमी नव्हते, मी म्हटलं, तू काढ डोळे, मी धुणं धुते. त्या दिवसापासून आमचं बरं जमलं.

माझ्या आधी डोळे बाबा काढायचे. मी शाळेत असतानाच त्यांनी ते सोडलं. का सोडलं, तर चष्म्याचा नंबर वाढला. घरी, दारी, मूर्ती न्यायला येणाऱ्या व्यापाऱ्यांना, सगळ्यांना हेच सांगितलेलं. पण चष्मा लावून ते पेपरातलं बारीक टायपातलं सगळं वाचायचे, हे घरातल्या लहान पोरालाही दिसत होतं. खरी गोष्ट अशी की त्यांचा हात थरथरायचा. चहाचा कप बशीत ठेवताना वाजायचा. तो वाजला की आई काहीतरी मोठ्यानं बोलायला लागायची. 'थरथर' हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. कारखान्यातल्या माणसाचा हात गेला असं गावात पसरलं तर लोक मूर्ती उचलून धरून डोळेच तपासत बसतात, आणि तपासायला बसलं की कुठल्याही देवाचा डोळा वाकडा दिसतो.

लग्न होऊन मी रोह्याच्या नदीपलीकडच्या अष्टमी गावात आले. नवरा धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा, आणि उरलेल्या वेळात पूल ओलांडून रोह्याच्या क्लबात बॅडमिंटन खेळायचा. क्लब म्हणजे मोठी पत्र्याची शेड, सिमेंटची जमीन, चार दिवे. त्यातला एक कायम बंद. माणूस उंच, धिप्पाड, आणि गप्प बसणं त्याला माहीतच नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तो मला तिकडं घेऊन गेला, बायको बाकावर बसून आपला खेळ बघेल अशा बेतानं. मी थोडा वेळ बघितलं आणि म्हटलं, अहो, तुमची सर्व्हिस फारच उंच जाते. तो हसला आणि रॅकेट माझ्या हातात दिली. त्यानंतर मिक्स डबल्समध्ये त्याला दुसरी जोडीदार शोधावी लागली नाही.

त्या वेळचे नियम वेगळे होते, ते सांगायला हवं. नव्वदच्या दशकात पॉइंट मिळायचा तो फक्त आपली सर्व्हिस असताना. समोरच्याची सर्व्हिस असताना तुम्ही कितीही भारी खेळा, मिळणार काय, तर सर्व्हिस. म्हणजे सर्व्हिस चुकवणं हे पंक्तीत वाढलेलं ताट स्वतःच उलटं करण्यासारखं होतं. मी ते कधी केलं नव्हतं. त्यामुळं मी पहिल्यांदा ते केलं, तेव्हा सगळा हॉल हसला, आणि मीसुद्धा हसले.

दिवाळी नुकतीच झाली होती. शटल पट्टीवर आपटलं आणि आमच्याच बाजूला पडलं. पुढच्या सर्व्हिसला परत तेच. तिसरी सर्व्हिस मी चिडून जोरात केली, ती इतकी वर गेली की समोरच्या बाईनं, जिला एरवी शटल दिसायचंही नाही, ती माझ्या पायाशी हाणली. नवरा मागून म्हणाला, "टायमिंग चुकतंय तुझं." मी म्हटलं, "तुमचं तोंड बंद ठेवा, मग नाही चुकणार."

त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही, पण त्यात नवीन काही नव्हतं. नवीन होतं ते पुढच्या दोन-तीन आठवड्यांत. सर्व्हिस नीट होईना. एखादी जायची आणि मला वाटायचं, चला, गेली साडेसाती. लगेच पुढची पट्टीवर. क्लबात सल्ले द्यायला कुणाला पैसे पडत नाहीत. बँकेतले एक साहेब म्हणाले, ग्रिप फार घट्ट आहे. लॅबमध्ये काम करणारा एक जण म्हणाला, पाय चुकतोय, उजवा पुढं घे. कुणी म्हणालं, शटल हातातून सोडतेस आणि मग रॅकेट आणतेस, मध्ये वेळ जातोय. एका बाईनं मला भिजवलेले बदाम खायला सांगितलं. मी सगळं केलं, बदामसुद्धा खाल्ले.

आणि एक दिवस, सर्व्हिसला उभी असताना, समोरचा खेळाडू बुटाची नाडी बांधायला वाकला. मी तशीच थांबले, रॅकेट आणि शटल धरून. तेव्हा मला शटल हलताना दिसलं. पंख्याचा वारा नव्हता, पंखे बंद होते. मी ते लगेच खाली घेतलं आणि केस नीट करायचं नाटक केलं.

मला भीती वाटली. दुसरा शब्द नाही त्याला. क्लबातल्या पॉइंटचं मला काय पडलं होतं. मला आषाढ दिसत होता. पत्र्याखाली ओळीनं बसलेल्या मूर्ती, सगळं रंगून झालेलं, चेहऱ्यावर फक्त दोन पांढरे बदाम, आणि त्यांच्यासमोर मी, आणि माझा हात. आमच्या घरात हे काम करणारं दुसरं कुणी नव्हतं. पण मी खोटं कशाला बोलू, घराचा विचार माझ्या मनात नंतर आला. आधी आला तो माझा. स्वयंपाक मी बरा करते, शिवण येतं, भांडण उत्तम करते. पण ज्या कामात मी स्वतःला कुणीतरी समजायचे ते एवढंच होतं.

मी नवऱ्याला सांगितलं नाही. त्याला सांगितलं असतं तर तो हळहळला असता, मग पुलापर्यंत जाऊन येताना चार माणसांशी बोलला असता, आणि पाचवा माणूस पेणचा निघाला असता. मी सरळ म्हटलं, माझी सर्व्हिस सुधारायची आहे, मला दुपारची हॉलची किल्ली मिळवून द्या. तो खूश झाला. जानेवारीत क्लबची वार्षिक स्पर्धा होती, त्याला वाटलं बायको ईर्ष्येला पेटली. त्यानं किल्ली आणली, जुन्या शटलांनी भरलेली पिशवी आणली, आणि एकदा मागं उभं राहून सूचना द्यायलाही आला. त्याला मी घरी पाठवलं.

दुपारी हॉलमध्ये कुणी नसायचं. नेटच्या वर एक वीत अंतर ठेवून मी सुतळी बांधली. शटल पट्टी आणि सुतळीच्या मधून गेलं पाहिजे. मी उजव्या हाताच्या मागं लागले. ग्रिप सैल केली, मग घट्ट केली, मग दांडा मधोमध धरला. रॅकेट मागं नेणं कमी केलं, मनगट बांधल्यासारखं ठेवलं, खांद्यातून मारून बघितलं. पायांच्या जागा खडूनं आखल्या. काही दिवस सुधारल्यासारखं वाटायचं आणि परत मूळपदावर. घरी भाजी चिरताना मी हाताकडे बघायचे. दूध ओतताना बघायचे. कुणी पैसे मोडून दिले की नाणी घेताना बघायचे. सकाळी डोळा उघडला की आधी हात वर धरून बघायचे, आणि तो हलत नसला तरी मला हलतोय असं वाटायचं. त्या दिवसांत मी चांगली वागले नाही. नवरा शिफ्टवरून आला की मी कशावरूनही त्याच्यावर घसरायचे, आणि तो बिचारा म्हणायचा, स्पर्धेचं टेन्शन आलंय.

मग एका दुपारी ते दिसलं. हॉलच्या पश्चिमेच्या झडपेतून ऊन आत येऊन जमिनीवर पडलं होतं आणि मी त्यात उभी होते. सर्व्हिसला थांबले तर समोर सिमेंटवर माझी सावली. रॅकेटची सावली खिळा मारल्यासारखी स्थिर. शटलची सावली थरथरत होती. मी रॅकेट खाली ठेवली, शटल उजव्या हातात घेतलं. सावली हलेना. परत डाव्यात घेतलं. हलली.

डावा! इतके दिवस मी ज्याला बोल लावत होते तो हात निर्दोष होता. मी त्या रिकाम्या हॉलमध्ये मटकन खाली बसले आणि रडले, आणि रडता रडता हसले. डाव्या हातात काय असतं, तर रंगाची वाटी. वाटी पाटावर ठेवली तरी चालते. रेघ काढतो तो उजवा. डाव्याला जे व्हायचं ते होऊ दे, म्हातारपणी ओटीवर बसून तो खुशाल थरथरू दे, अशा विचारानं मी घरी आले आणि त्या संध्याकाळी नवऱ्यासाठी घावणे केले. त्यानं विचारलं, आज काय आहे? मी म्हटलं, सर्व्हिस सापडली.

त्यानंतर काम सोपं झालं. रोग कुठं आहे हे कळल्यावर तंत्र बदलता आलं. पूर्वी मी शटल डाव्या हातातून खाली सोडायचे आणि उजव्यानं खालून उचलायचे. त्यात हातातून सुटतानाच शटल तिरकं जायचं, मग उजवा कितीही शहाणा असून उपयोग काय. मी बॅकहँड सर्व्हिस धरली. त्या वेळी आमच्या क्लबात ती कुणी करत नव्हतं, टीव्हीवर मोठे खेळाडू करायचे. यात शटल सोडायचंच नाही. रॅकेट पोटासमोर उलटी, शटलचं पीस चिमटीत, रॅकेटच्या जाळीच्या अगदी जवळ, आणि अंगठ्यानं नुसतं ढकलायचं. तरीही ते हलायचंच. मग मी डाव्या हाताचं मधलं बोट हळूच रॅकेटच्या कडेला टेकवलं. त्याबरोबर रॅकेटही शटलाबरोबर हलायला लागली. दोन्ही एकत्र हलतात म्हटल्यावर एकमेकांच्या हिशेबात दोन्ही स्थिर. बोट काढायचं आणि त्याच क्षणी ढकलायचं.

आणि टायमिंग. ते मी कारखान्यातून आणलं. श्वास सोडायचा, पूर्ण सोडायचा, आणि छाती रिकामी झाली की थांबायचं. तिथं थरथरसुद्धा एक क्षण दम खाते. तो क्षण आला की मारायचं, आधी नाही. तो कधी लवकर यायचा, कधी उशिरा. त्यामुळं माझी सर्व्हिस केव्हा सुटेल हे समोरच्याला कळायचं नाही. तो पुढं झेपावायला टपलेला असायचा आणि ताटकळून त्याचा तोल जायचा. लोकांना वाटायचं, बाई फार धूर्त आहे, मुद्दाम थांबते.

जानेवारीत आम्ही मिक्स डबल्स जिंकलो. फायनलला शेवटचे पॉइंट माझ्या सर्व्हिसवर आले आणि मी एकही चुकवली नाही. बक्षिसाच्या वेळी नवऱ्यानं सगळ्यांना सांगितलं की हिचा हात असा का, तर ही देवाचे डोळे काढते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कप उजव्या हातात धरला होता, डावा पदराखाली. मला त्याची लाज नव्हती, उगाच कुणी बघायला नको एवढंच.

आषाढात मी पेणची एसटी पकडली. नागोठणं, वडखळ, पेण, तिथून पुढं आमचा फाटा. त्या वर्षी मी फार उत्साहात गेले. कप बरोबर घेतला होता, रॅकेट घेतली होती आणि भाच्यांसाठी प्लास्टिकची शटलं. आईनं कप देव्हाऱ्यापुढं ठेवला. वहिनीनं त्याचा पत्रा किती जाड आहे ते नखानं वाजवून बघितलं.

बाबा कारखान्यात होते. आता ते डोळे सोडून बाकी सगळं बघायचे, मूर्ती घासून घ्यायचे, रंगाच्या छटा ठरवायचे, कारागिरांवर ओरडायचे. दुपारची जेवणं होऊन माणसं पडवीत लवंडली होती. आत आम्ही दोघंच. माझ्या आखणीच्या मूर्ती त्यांनी एका बाजूला लावून ठेवल्या होत्या. पाट मांडला होता, ब्रश धुऊन ठेवला होता.

"कप मिळाला म्हनं," बाबा म्हणाले. "कसली ती सर्विस करतेस, जावई लई सांगत होते फोनवर. दाखव तरी."

"इथं? मूर्ती आहेत."

"मग काय झालं. पयली इथंच खेळायचात ना?"

मी रॅकेट घेतली. खरं तर मला दाखवायचंच होतं. दोन ओळींच्या मधल्या वाटेत मी उभी राहिले, रॅकेट उलटी धरली, शटल चिमटीत घेतलं, बोट कडेला टेकवलं, श्वास सोडला, थांबले आणि मारलं. शटल मूर्तींच्या मधून जमिनीलगत गेलं आणि दाराच्या उंबऱ्याला लागून पडलं. कशाला धक्कासुद्धा नाही. मी बाबांकडे बघितलं. ते शटलाकडे बघत नव्हते.

"परत कर," ते म्हणाले.

मी शटल उचलून आणलं आणि परत उभी राहिले. ते उठून माझ्याजवळ आले आणि माझ्या डाव्या हाताकडे वाकून बघायला लागले. या वेळी मला श्वास सोडायला बराच वेळ लागला.

"ह्ये बोट असं टेकवायला कोनी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. टायमिंगला बरं पडतं."

"मी पन असंच टेकवायचो," बाबा म्हणाले. "उजव्या मनगटावर. एकाला दुसऱ्याचा टेकू झाला की रेघ वाकडी व्हत नाय. काय बरसं चाललं तसं." मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "माझा पन डावाच गेला पयला. उजव्याला वेळ लागला. पन तो पन गेला."

मी रॅकेट पाटाला टेकवून ठेवली.  डाव्यापासून उजव्याचा रस्ता एवढा सरळ असेल, हे त्या हॉलमध्ये खाली बसून हसताना माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी बाबांची मुलगी, आणि मला वाटलं होतं की त्यांचं दुखणं माझ्यापर्यंत येता येता चुकीच्या हातात शिरलं.

बाबांच्या लक्षात आलं की ते बोलून गेले. त्यांचा चेहरा पडला. इतकी वर्षं ओठ घट्ट मिटून बसलेला माणूस, आणि एका बॅडमिंटनच्या सर्व्हिसपुढं तो बोलून बसला. ते मूर्तींच्या ओळीपाशी खाली बसले.

"बोलायचं नव्हतं गो मला," ते म्हणाले. "यंदाचा सीझन पन तसाच जाऊ द्यायचा व्हता."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"गेल्या साली तू वाटी धरलीस ना, तवाच बघितलं. रंगाला लाटा येत व्हत्या."

"मग सांगितलं का नाही?"

माझा आवाज चढला असणार, कारण पडवीतून कुणीतरी कूस बदलल्याचं ऐकू आलं. बाबांनी हातानं मला बस म्हणून खूण केली. मी त्यांच्यासमोर पाटावर बसले.

"सांगून काय व्हतं?" ते म्हणाले. "एकदा समजलं की मानूस हाताकडंच बघत ऱ्हातो. मी तेच केलं. शेवटची सगळी बरसं मी हात बघत काढली. एवढे डोळे आखले, पन त्यातला एक पन देव मी बघितला नाय. तुजं तसं व्हायला नको म्हटलं. जेवढे दिवस समजत नाय तेवढे दिवस तिला सुखानं बघू दे."  मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, आणि त्यांच्या आवाजात इतकी आशा होती की मला तिकडे बघवेना. "तुला न्हवतं ना समजलं?"

दिवाळीपासूनची प्रत्येक सकाळ माझ्या डोळ्यांपुढून गेली.

"नाही," मी म्हटलं. "आत्ता तुम्ही बोललात तेव्हाच कळलं."

"खरं?"

"खरंच. मला वाटलं सर्व्हिसच बिघडलीये."

बाबांनी बराच वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. त्यांनी रंगाची वाटी उचलली, माझ्या हातात न देता माझ्यासमोर पाटावर ठेवली आणि ब्रश तिच्या कडेला टेकवला.

"म्हंजे हे एक वरीस तरी तुजं चांगलं गेलं," ते म्हणाले.

"चांगलं गेलं, बाबा," मी म्हटलं, आणि पहिली मूर्ती पुढं ओढली.